लॉरीचालकांच्या आठवणी : ज्ञातीच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात मी काही बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, आणि विषयाची निवड मात्र माझ्यावरच सोपविली. ज्याचे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले, तो शिक्षणावरच बोलेल अशी आपणांपैकी पुष्कळांची समजूत असेल. परंतु शिक्षणाचे महत्त्व आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो. ज्या पैशावर आपल्या ज्ञातीतील मुले शिकली तो पैसा कोणी मिळविला आणि कोणत्या कष्टांनी मिळविला, याविषयी येथे फारसे बोलणे झालेले नाही. म्हणून ज्यांनी लॉरी चालवून आपले संसार उभे केले त्या आपल्या वडीलधाऱ्यांविषयी आज चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

माझे वडील लॉरी चालवीत असत. त्यामुळे या विषयात मी अगदीच तिऱ्हाईत नाही. गेली काही वर्षे ज्ञातीतील वृद्ध चालकांची गाठ घेऊन त्यांचे सांगणे वहीत टिपून ठेवण्याचा छंद मला जडला आहे. त्यांतील बहुतेकांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. आज मी जे सांगणार आहे ते बहुतांशी त्यांच्याच तोंडचे आहे. मी केवळ त्याची जुळणी केली आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची भिंत, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत डोंगर, नद्या व खाड्या. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली, कोल्हापुरास ती १८९१ साली पोहोचली; रत्नागिरीकरांना मात्र आगगाडीची शिटी ऐकण्यासाठी विसावे शतक सरत येईपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर आपले दळणवळण मचवे, गलबते आणि आगबोटी यांवर चाले. बोट किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि पडावातून माणसे व माल तिच्यापर्यंत न्यावा लागे. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होत, आणि समुद्राचा दरवाजा चार महिने मिटून जाई. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेनंतर पावसातील समुद्राचा धाक कोकणात घरोघर बसला.

अशा प्रदेशात पावसाळ्यातील धान्य, मीठ, रॉकेल, साखर, कापड आणि औषधे यावयाची तरी कोठून? ती येत घाटावरून. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. मध्ये साखरपा, आंबा घाट आणि मलकापूर. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण व कऱ्हाड. या दोन वाटांनी पूर्वी बैलगाड्या चालत. पुढे लॉऱ्या आल्या. खाली येताना गूळ, तांदूळ, कांदा व किराणा. वर जाताना नारळ, सुपारी, काजू, सुकी मासळी, लाकूड आणि कोळसा. हुंडेकऱ्याने माल गोळा करावयाचा, हमालांनी तो हौद्यात रचावयाचा, वर ताडपत्री ओढून दोर आवळावयाचे आणि फाळका लावून गाडी चालकाच्या हवाली करावयाची, असा तो क्रम असे.

युद्धकाळातील हकीकती आज या वृद्धांनाही त्यांच्या वडिलांकडून ऐकूनच ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मोटारींना कोळशाच्या गॅसवर चालावे लागले. गाडीच्या पाठीशी लोखंडी पिंप बसविलेले असे. त्यात लोणारी कोळसा भरून, पंखा फिरवून तो फुलवावयाचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवावयाचे. त्या गॅसला पेट्रोलची ताकद नसे. चढण आली की गाडी अडे, आणि क्लीनरासह सर्वांनी खाली उतरून तिला खांदा द्यावा लागे. चालकाचे कपडे व तोंड काजळीने इतके माखे की दारात उभ्या असलेल्या बापाला मुले ओळखीत नसत, असे एका गृहस्थांनी मला सांगितले.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीस निघाल्या. त्यांना लोक 'डिस्पोजलच्या गाड्या' म्हणत. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारच्या हाती गेली. ज्यांच्याजवळ खाजगी मोटारी होत्या त्यांच्यापैकी काहीजण तेव्हा मालवाहतुकीकडे वळले. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझ ट्रक तयार होऊ लागले, आणि पेट्रोलच्या गाड्या मागे पडून डिझेलचे युग सुरू झाले. आपल्या ज्ञातीतील तरुण या धंद्यात मोठ्या संख्येने शिरले ते याच सुमारास. शेतीचा तुकडा लहान, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि मुंबईच्या गिरणीत जावयाचे नसेल तर रोकड पैसा मिळविण्याचा हाच एक मार्ग होता.

चालक होणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. आरंभ क्लीनर म्हणून व्हावयाचा. पहाटे उठून रेडिएटरमध्ये पाणी भरणे, पुढून हँडल मारून इंजिन चालू करणे, पंक्चर काढणे, चढावर गाडी थांबली की धावत जाऊन चाकामागे दगड लावणे आणि रात्री मालाची राखण करीत हौद्यावर निजणे, अशी त्याची कामे असत. हँडल उलट फिरले तर मनगट मोडे. अशी वाकडी मनगटे मी पाहिली आहेत. दोन-चार वर्षे अशी उमेदवारी केल्यावर उस्ताद मोकळ्या माळावर गाडी हाती देई. त्या गाड्यांचे गिअर आजच्यासारखे सहज पडत नसत. क्लच दोनदा दाबून, इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून गिअर बदलावा लागे. ज्याला आवाज कळला त्याला गाडी कळली, असे ही मंडळी म्हणत.

येथे एक गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. आपल्या ज्ञातीतील अनेकांचे उस्ताद अन्य जातीचे, पुष्कळदा मुसलमान समाजातील होते. त्यांनी आपल्या मुलांना हातचे न राखता विद्या दिली. याच रत्नागिरी शहरात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींना खुले झाले, ही घटना इतिहासात नोंदली गेली आहे. लॉरीच्या केबिनमध्ये एकाच डब्यातील भाकरी वेगवेगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी वर्षानुवर्षे वाटून खाल्ली, याची नोंद कोठेही नाही. ज्ञातीच्या सभेत आपण आपल्या माणसांचा गौरव करतो तो योग्यच आहे. परंतु ज्यांनी आपल्या माणसांना घडविले त्यांचे ऋणही याच ठिकाणी मान्य केले पाहिजे.

आता घाटाविषयी. वृद्ध चालकांजवळ बसले असता बोलणे कोठूनही सुरू झाले तरी ते घाटावर येऊन थांबते. घाटाचा पहिला नियम असा की, ज्या गिअरमध्ये चढावयाचे त्याच गिअरमध्ये उतरावयाचे. नवखा मनुष्य उतारावर ब्रेकवर विसंबतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि नेमक्या वळणावर दगा देतो. म्हणून लहान गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरावयाची व ब्रेक हा शेवटचा आधार म्हणून राखून ठेवावयाचा. काही मालक डिझेलची बचत व्हावी म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा आग्रह धरीत. त्या बचतीपायी किती गाड्या दरीत गेल्या असतील ते परमेश्वरालाच ठाऊक! दुसरा नियम असा की, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावयाची. कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण. आंबा घाटात पावसाळी धुके इतके दाट असे की, क्लीनर हातात कंदील घेऊन पुढे चाले आणि त्या उजेडाच्या मागून गाडी गोगलगाईसारखी सरके.

कुंभार्ली घाटाची आठवण वेगळी आहे. कोयना प्रकल्पाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि पोफळीचे भूमिगत वीजगृह उभे राहू लागले. तेव्हा चिपळूण भागातील कित्येक चालकांना सिमेंट, लोखंड व यंत्रसामग्री यांच्या वाहतुकीचे काम मिळाले. १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. महाराष्ट्रातील कारखान्यांचे दिवे ज्या विजेवर पेटले तिच्यामागे अभियंत्यांची बुद्धी होती, तशीच या घाटात रात्रंदिवस गाड्या हाकणाऱ्यांची छातीही होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घाटमाथ्याच्या वस्तीत गाडी उभी करून झोपलेल्या एका चालकाला प्रथम वाटले की, क्लीनरने चाकामागचा दगड काढला आणि गाडी घरंगळली. ते गृहस्थ आजही तो प्रसंग सांगताना हात छातीवर ठेवतात.

उन्हाळ्यात मात्र सर्वांचे लक्ष मुंबईच्या रस्त्याकडे लागे. हापूस आंबा पूर्वी बोटीने व मचव्याने जाई. हळूहळू तो लॉरीने जाऊ लागला. आंबा हा न थांबणारा माल. लाकडी पेटीत गवताच्या थरांवर आंबे रचावयाचे, पेट्या हौद्यात वारा खेळेल अशा बेताने लावावयाच्या, आणि उन्हे उतरल्यावर गाडी सोडावयाची. हातखंबा, निवळी, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण. पुढे परशुराम घाट, खेडजवळचा भोस्ते घाट, मग कशेडी. पोलादपूर ओलांडून महाडला आले की निम्मी वाट सरली असे मानीत. त्यापुढे माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. त्याआधी पनवेलहून शीळ, मुंब्रा व ठाणे असा वळसा घेऊन मुंबईत शिरावे लागे. क्रॉफर्ड मार्केटात भल्या पहाटे पोहोचणाऱ्या गाडीला चांगला भाव, उशिरा येणाऱ्या गाडीला पडेल तो भाव. बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्या एका रात्रीत चालकाच्या हातात असे. वाटेत पाटा तुटला किंवा टायर फुटले, तर बागायतदाराचे नुकसान होईल या काळजीने ही माणसे अंधारात रस्त्यावर पालथी पडून दुरुस्ती करीत. स्वतःची एकही कलम नसलेला मनुष्य दुसऱ्याच्या आंब्यासाठी रात्र जागवी, हे मला नेहमीच विचार करण्यासारखे वाटले आहे.

पावसाळ्यात हाच रस्ता वैरी होई. दरड कोसळली की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागत आणि दोन-दोन दिवस हलता येत नसे. अशा वेळी जवळच्या वाडीतील बायाबापड्या पेज, भाकरी व चुलीवरचा चहा आणून देत, आणि पैसे पुढे केले तर रागावत. त्याची फेड चालकही करीत. टपाल पोहोचण्यास चार दिवस लागत, टेलिफोन तर दुर्मीळच. तेव्हा मुंबईच्या चाकरमान्याने घरी पाठविलेली चिठ्ठी, आईसाठी घेतलेले लुगडे, आजारी मुलासाठी औषधाची बाटली आणि पुडीत बांधलेली रक्कम लॉरीचालकाच्या हाती दिली जाई. पावती नाही, साक्षीदार नाही. अमक्या फाट्यावर भोंगा वाजवावयाचा, तेथे कोणी तरी उभे असेल, एवढाच निरोप. रात्रीअपरात्री अडलेली बाळंतीण चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या दवाखान्यात नेण्यासाठी भरलेली गाडी वळविल्याच्या हकीकती मला एकाने नव्हे, तिघा-चौघांनी सांगितल्या आहेत. त्या बाळांपैकी काही आज साठीच्या घरात आहेत.

या धंद्यात सर्वच उजळ होते असे मी म्हणणार नाही. जागरणावर उपाय म्हणून काहींनी दारू जवळ केली आणि संसारांची धूळधाण झाली. जादा माल भरणे, नाक्यावर चिरीमिरी देणे, कित्येक रात्री न झोपता गाडी हाकणे हेही घडत होते. अपघातात पाय गमावलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या मालकाने महिन्याभराच्या पगारावर बोळविले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. कामाचे तास, विश्रांती, रजा यांची तरतूद त्यात होती. परंतु ज्या धंद्यात पाच किंवा अधिक कामगार असत त्यालाच तो लागू होई. आपल्याकडे बहुतेक मालकांची गाडी एक, चालक एक आणि क्लीनर एक. तेव्हा कायदा झाला, पण आपला माणूस त्याच्या बाहेरच राहिला. निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. चाळीस वर्षे गाडी हाकून म्हातारपणी हाती आले ते कमरेचे दुखणे आणि अधू झालेली दृष्टी.

आणि या चालकांच्या गृहिणी? त्यांच्याविषयी बोलल्यावाचून हे व्याख्यान अपुरे राहील. पती आज येईल की आठ दिवसांनी, हे त्यांना ठाऊक नसे. सणावाराला घरधनी घरात असेलच असा भरवसा नाही. शेताची लावणी, सासूसासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, दुकानदाराची उधारी हे सर्व त्यांनी एकट्यांनी निभावले. रात्री दूरवर भोंगा वाजला की आमची आई अंथरुणातून उठे आणि चूल पेटवी. प्रत्येक गाडीच्या भोंग्याचा आवाज निराळा असतो, आणि तो तिला अचूक ओळखता येत असे. मुलांना शिकविण्याचा निश्चय बहुतेक घरांत या मातांनीच केला. 'तुझ्या हातात चाक नको, लेखणी येऊ दे,' हे वाक्य येथे बसलेल्या कितीजणांनी लहानपणी ऐकले असेल!

काळ बदलला. बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्या रेल्वेचा आग्रह अखंड धरला ती कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर धावू लागली. पुढच्याच वर्षी, १९९९ साली, कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. म्हणजे मालाने भरलेल्या लॉऱ्याच आगगाडीवर चढून प्रवास करू लागल्या. निवृत्त झालेल्या एका चालकाने ते दृश्य पाहून मला म्हटले, "गुरुजी, आयुष्यभर आम्ही गाडीला वाहून नेले, आता गाडीला कोणी तरी वाहून नेते आहे, बरे वाटले." फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला, कशेडीला बोगदा झाला, जकात नाके इतिहासजमा झाले. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला पूल, ज्यावरून आपल्या मंडळींनी हजारो फेऱ्या केल्या, तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व एक मोटार गेली. ती बातमी ऐकून कित्येक वृद्ध चालकांना रात्रभर झोप लागली नाही. आपण त्याच पुलावरून, तशाच पुरात, किती वेळा गेलो होतो याचा हिशेब ते करीत होते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्याकडे वळतो. आपल्या स्मरणिकेचे जुने अंक चाळावेत. त्यांत डॉक्टर, वकील, अभियंते, प्राध्यापक यांची छायाचित्रे आहेत, आणि ती असावीतच. लॉरीचालकाचे छायाचित्र मला एकाही अंकात आढळले नाही. वधूवर सूचक विभागाकडे येणाऱ्या अर्जांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' किंवा 'खाजगी व्यवसाय' असे मोघम लिहिलेले असते. ज्या आजोबांच्या कमाईवर घराला कौले चढली, त्यांचा धंदा लिहिताना नातवाची लेखणी अडखळते. आणि आजही जो तरुण ट्रक चालवितो त्याला केवळ त्या कारणास्तव मुलगी नाकारली जाते; तो निर्व्यसनी आहे की नाही, याची चौकशीदेखील होत नाही. ज्या मातांनी मुलांच्या हाती लेखणी दिली त्या चाकाला हलके मानीत नव्हत्या. त्यांना त्याचे कष्ट ठाऊक होते एवढेच. कष्टांतून सुटका मागणे वेगळे आणि कष्ट करणाऱ्याला कमी लेखणे वेगळे. हा भेद आपण विसरत चाललो आहोत, याचे मला दुःख होते.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली अशी की, ज्या कुटुंबात कोणी लॉरी चालविली असेल त्या कुटुंबाने एक पानभर का होईना, त्याची हकीकत लिहून मंडळाकडे द्यावी. जुना परवाना, छातीवरचा बिल्ला, गाडीसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र घरात असेल तर त्याची प्रत द्यावी. पुढील स्मरणिकेत काही पाने त्यासाठी राखून ठेवावीत. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. दुसरी अशी की, वधूवर सूचक अर्जात 'मोटारचालक' हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहावा आणि वाचणाऱ्याने तो इतर कोणत्याही व्यवसायासारखा वाचावा. तिसरी अशी की, मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीसोबत वृद्ध व गरजू चालकांसाठी लहानसा निधी उभारावा, आणि आज या धंद्यात असलेल्या तरुणांची वर्षातून एकदा नेत्रतपासणी व्हावी. आपल्या ज्ञातीत डॉक्टरांची वाण नाही. त्यांच्यापैकी काहींचे वडील वा आजोबा याच रस्त्यावर गाडी चालवीत होते. ते ही विनंती मोडणार नाहीत असा मला विश्वास वाटतो.

आज या सभागृहात मागील रांगांत काही वृद्ध चालक बसलेले आहेत. पुढे येऊन बसण्याचा आग्रह केला असताही ते आले नाहीत. मागे राहून सर्वांवर लक्ष ठेवण्याची त्यांची सवय जुनी आहे. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर आपण सर्वांनी उभे राहून त्यांना नमस्कार करावा, अशी माझी विनंती आहे.